सोळा दिवस आणि अर्धा चिंचोका

मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा. वजन साडेबारा किलो, लसी वेळच्या वेळी, आईवडिलांकडे कुणाला दमा नाही. देवगड तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका वाडीतलं घर. ओळख पटेल असं याहून जास्त काही लिहीत नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे, या पट्ट्यात बरीच वर्षं दवाखाना चालवतो. या मुलाला मी तीनदा तपासलं आणि पहिल्या दोन्ही वेळी चुकलो. कसा चुकलो हेच या प्रकरणात शिकण्यासारखं असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

पहिली भेट

मे महिन्याचे शेवटचे दिवस. चाकरमानी गावात, घराघरांत दहा-बारा पोरं, आणि दवाखान्यात जुलाब, घामोळं, झाडावरून पडून मोडलेले हात. या मुलाची आई म्हणाली, दोन दिवस खोकतोय, रात्री छातीत आवाज येतो. ताप नाही. नाक वाहत नाही. खाणंपिणं जरा कमी, पण खेळतोय.

मी विचारलं, "काही गिळलंबिळलं नाही ना?"

आईने मान हलवली. मागे उभी असलेली आजी म्हणाली, "नाय ओ डॉक्टरानू, तेणां काय गिळूक नाय."

दोघी खरं बोलत होत्या. प्रश्नच चुकीचा होता. 'गिळणं' म्हणजे आपल्या भाषेत पोटात जाणं. नाणं गिळलं, आठळी गिळली, की ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर पडते हे इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक असतं. श्वासनलिकेत काही गेलं तर त्याला घरात कुणी 'गिळलं' म्हणत नाही. त्याला 'ठसका लागला' म्हणतात, आणि ठसका थांबला की ती गोष्ट संपते. मी ठसक्याचं विचारलंच नाही.

स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना शिट्टीसारखा आवाज. लहान मुलाची छाती एवढीशी असते, एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला सहज ऐकू येतो. श्वास मिनिटाला ३६, रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची वाफ दिली, थोडा फरक वाटला, स्पेसरमधून पंप चार-पाच दिवस द्यायला सांगितला. चिठ्ठीवर लिहिलं, 'विषाणूजन्य घरघर'. सर्दीचा मागमूस नसताना विषाणू कुठून आणला, हे त्या गर्दीत मी स्वतःला विचारलं नाही. घरघरीचा पूर्वीचा एकही झटका नसलेलं, सर्दी-ताप नसलेलं मूल एकाएकी वाजायला लागलं तर तेवढं एकच कारण थांबायला पुरेसं असतं.

दुसरी भेट

आठव्या दिवशी ताप घेऊन आला, १०१. पंपाने मधले दोन-तीन दिवस बरं होतं म्हणे. डाव्या बाजूला खाली पाठीत थोडी करकर. अँटिबायोटिक दिलं आणि तीन दिवसांत ताप उतरला. मी खूश, घरचे खूश.

श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तूची हीच लबाडी आहे. पहिला टप्पा जोरदार असतो, ठसका, लालबुंद चेहरा, कधी ओकारी. मग वस्तू खाली एका फांदीत जाऊन बसते. तिथल्या अस्तराला थोड्या वेळाने तिची सवय होते, खोकला ओसरतो आणि सगळं शांत. ही शांतता काही तास टिकते, कधी काही आठवडे. त्यानंतर पलीकडच्या भागात कफ साठतो, जंतू वाढतात, न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकने तो आटोक्यात येतो, पण वस्तू जागच्या जागी असते, म्हणून औषध संपलं की ताप परत. त्याच जागेचा न्यूमोनिया दुसऱ्यांदा झाला की वस्तूचा संशय घ्यायचा, हे विद्यार्थ्यांना मीच सांगत आलोय. इथे तर पहिल्या न्यूमोनियाच्या आधीची घरघर माझ्याच हस्ताक्षरात नोंदलेली होती.

तिसरी भेट

सोळावा दिवस. मृगाचा पाऊस लागला होता, चाकरमानी परतले होते, दवाखान्यात गर्दी नव्हती. त्याचाही वाटा असावा. मूल परत तापलेलं, श्वास मिनिटाला ४४, ऑक्सिजन ९४. या खेपेला मूल आईच्या खांद्यावर झोपलेलं होतं. रडं नाही, हातपाय झाडणं नाही. मी पाठीवर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे असा स्टेथो ठेवत गेलो. डावीकडे हवा कमी येत होती. आवाज जास्त असणं लगेच कानात भरतं. कमी असणं ऐकायला दोन्ही बाजूंची शांतपणे तुलना करावी लागते.

एक्स-रे काढला. डावं फुफ्फुस उजव्यापेक्षा काळं आणि फुगलेलं, छाती आणि पोट यांमधला पडदा डावीकडे खाली ढकललेला, हृदय किंचित उजवीकडे. वस्तू कुठेच नाही. न दिसण्यात नवल काही नाही. शेंगदाणा, काजूगर, चणा, सुपारी, बी यांतलं काहीच एक्स-रेवर उमटत नाही. सेफ्टी पिन किंवा खिळा असता तर पहिल्याच फोटोत उलगडा झाला असता. कित्येक मुलांत, विशेषतः पहिल्या चोवीस तासांत, एक्स-रे अगदी नॉर्मल येतो, म्हणून 'फोटो चांगला आहे' एवढ्यावर मुलाला घरी धाडू नये.

काळं फुफ्फुस निरोगी आणि पांढुरकं आजारी अशी चुकीची समजूत इथे होऊ शकते. या मुलाचं आजारी फुफ्फुसच जास्त काळं होतं. श्वास घेताना श्वासनलिकेच्या फांद्या जराशा रुंदावतात, त्यामुळे अडकलेल्या वस्तूच्या कडेने हवा आत शिरते. सोडताना त्या आवळतात आणि वाट बंद होते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवा. हवा आत जाते, बाहेर येत नाही, फुफ्फुस फुगत जातं. पुढे वाट पूर्ण बंद झाली की आतली हवा शोषली जाते आणि तोच भाग मिटून पांढरा दिसतो. म्हणजे एकाच आजाराची दोन उलटी चित्रं, कोणत्या दिवशी फोटो काढला त्यावर अवलंबून.

श्वास सोडलेल्या अवस्थेतला फोटो काढला की ही फुगवटी स्पष्ट होते. पण तीन वर्षांच्या मुलाला "श्वास सोड आणि थांब" म्हणून काय उपयोग? आमच्या एक्स-रेवाल्या दादांची युक्ती साधी आहे, मूल रडू द्यायचं आणि लांब हंबरड्याच्या शेवटी बटण दाबायचं. शिवाय डाव्या कुशीवर निजवून आणखी एक फोटो घेतला. कुशीवर निजलं की खालच्या बाजूचं फुफ्फुस शरीराच्या वजनाने दबून लहान दिसायला हवं. याचं डावं खाली असूनही तसंच फुगलेलं राहिलं.

आता प्रश्न नीट विचारला. "आजी, हा खोकला सुरू व्हायच्या आधी, अगदी बरा असताना, खेळताखेळता एकदम ठसका लागला होता का?"

"ठसको? लागललो मगे! खळ्यात पोरांवांगडा होतो. लालबुंद झाल्लो. पाणी दिलंय, पाठीर थापटलंय, वर बघ रे चिमणी बघ म्हटलंय. ऱ्हवलो मगे. तेचा काय?"

त्याचंच सगळं होतं. पण तेव्हा तोंडात काय होतं ते आजीने पाहिलं नव्हतं. ती ठसका ऐकून माजघरातून धावत आली होती. समोर होता तो नऊ वर्षांचा आतेभाऊ, आणि तो चार दिवसांपूर्वी आईबरोबर गाडीत बसून डोंबिवलीला गेला होता. माझ्याच दवाखान्यातून फोन लावला. त्याची आई आधी म्हणाली, याला काही माहीत नाही हो. मग फोन मुलाच्या हातात गेला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"आम्ही अष्टाचंगा खेळत होतो. त्याने एक तोंडात टाकला."

"काय टाकला?"

"चिंचोका. अर्धा."

अष्टाचंग्याचा अर्धा चिंचोका

ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात चिंच फोडून बिया काढतात, पोरं त्यातले चिंचोके पळवतात, आणि दान टाकण्यासाठी ते दोन फाका करून पायरीवर घासतात. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. टरफल शाबूत असलेला अख्खा चिंचोका टणक आणि गुळगुळीत असतो, पाणी सावकाश पितो. घासलेल्या अर्ध्याचा पांढरा गर मात्र उघडा पडलेला असतो, आणि तो गर म्हणजे खळ. घोंगडीला जी खळ देतात ती याचीच. ओल लागली की फुगायचं आणि बुळबुळीत व्हायचं हा त्याचा गुणधर्म. श्वासनलिकेच्या ओलाव्यात तो सोळा दिवस होता.

शेंगदाण्याचं दुखणं वेगळं, त्याच्या तेलाने अस्तर सुजतं. चिंचोका जागा अडवतो आणि दिवसागणिक जास्त अडवतो. नाक-कान-घसा तज्ज्ञ त्याचं नाव ऐकून कपाळाला हात लावतात, कारण तो जेवढा आत गेला त्याहून मोठा होऊन बाहेर यायचा असतो.

डावीकडे कसा गेला, असं बऱ्याच जणांनी नंतर विचारलं. वस्तू उजवीकडे जाते हे पाठ असतं, कारण उजवी मुख्य नळी रुंद, आखूड आणि जास्त सरळ असते. मोठ्या माणसात ते बरंच खरं आहे. लहान मुलांत दोन्ही कोनांतला फरक तेवढा ठळक नसतो आणि डावीकडची प्रकरणं पुष्कळ सापडतात.

त्या आतेभावाबद्दल दोन शब्द. लहान भाऊ घुसमटलाय हे दिसताच त्याने त्याला वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत थापट्या मारल्या. आजी नंतर आली. वाकवणं आणि पाठीत मारणं, हे दोन्ही त्याने कुणी न शिकवता बरोबर केलं. मूल जोराने खोकत असेल, आवाज निघत असेल, तर खोकू द्यावं. त्याचा खोकला आपल्या हातापेक्षा ताकदवान असतो. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले, तर मात्र क्षणाचा विलंब नको. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पालथं, डोकं खाली करून हातावर धरायचं, पाठीत पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पाठीत पाच थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब. आलटून पालटून, वस्तू निघेपर्यंत. शुद्ध गेली तर सपाट निजवून छातीवर दाब देत राहायचं आणि १०८ ला फोन. तोंडात न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट घालून चाचपडायचं नाही, ती आणखी खाली जाते. आणि पाणी पाजायचं नाही, वर बघायलाही सांगायचं नाही. यातलं शेवटचं मी आजींना त्या दिवशी सांगितलं नाही. त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

घाट

अशा वेळी कुठे पाठवायचं हे ठरवताना बेड आहे का हा प्रश्न दुय्यम असतो. मी तीन फोन केले आणि तिन्ही ठिकाणी एकच विचारलं, लहान मुलाच्या मापाचा रिजिड ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत घालायची न वाकणारी दुर्बीण, आहे का, त्यातून काढणारा हात आहे का, आणि एवढ्या मुलाला भूल देणारे डॉक्टर आज आहेत का. दोन ठिकाणी यातलं एखादं नव्हतं. तिसरं कोल्हापूर. तिथल्या सर्जननी विचारलं, मूल स्थिर आहे ना? मग आज रात्री पोहोचवा, सकाळी ताज्या टीमने करू. दम तोडत असलेलं मूल असतं तर रात्रीच टेबलावर घ्यावं लागलं असतं.

नांदगाव तिठ्यावरून फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी. पावसात चार तासांवर. पाठवण्याआधी घरच्या सगळ्यांना बजावलं की तोंडात काही नाही, दूधही नाही. सलाइन लावलं. झोपेचं औषध नाही. मूल आईच्या मांडीवर बसूनच राहील, स्ट्रेचरवर आडवं करायचं नाही, ऑक्सिजन नाकाजवळ. आणि कफ सुटावा म्हणून पाठ थोपटायची नाही, वाफही द्यायची नाही. ढिली झालेली वस्तू एका जोराच्या खोकल्याने वर उडाली आणि स्वरयंत्राखाली आडवी बसली तर दोन्ही फुफ्फुसं बंद. या शक्यतेमुळे मी स्वतः गाडीत बसलो. अपराधीपणाही होताच, तो लपवत नाही. घाटात धुकं होतं आणि प्रत्येक वळणावर मूल खोकलं की माझी नजर मीटरवर.

सीटी स्कॅन केला नाही. इतिहास, तपासणी आणि एक्स-रे तिन्ही एकच बोट दाखवत असताना तो निर्णय बदलणार नव्हता. जिथे ठसक्याची गोष्ट धड नसते आणि फोटोही नॉर्मल असतो, तिथे सीटी खरोखर उपयोगी पडतो.

टेबलावर

सकाळी सेव्होफ्लुरेनच्या वासावर भूल सुरू झाली. मूल स्वतःचा श्वास स्वतः घेत राहील अशी. स्वरतंतूंवर बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारला. मग साडेतीन नंबरचा स्कोप, ज्याच्या कडेच्या नळीतून ऑक्सिजन आणि भुलीचा वायू चालू राहतो. या शस्त्रक्रियेत भूल देणारे आणि वस्तू काढणारे दोघेही एकाच अरुंद बोळातून ये-जा करत असतात, म्हणून कोण केव्हा थांबणार हे त्यांनी आधीच बोलून घेतलेलं होतं.

डाव्या मुख्य नळीच्या तोंडाशी पू. तो ओढून घेतल्यावर लाल, मांसल सूज, आणि तिच्या मधे मळकट पांढरं काहीतरी. सुजेतून रक्त येत होतं, पातळ केलेल्या ॲड्रिनॅलिनचे थेंब टाकून ते थांबवलं. दुर्बिणीच्या चिमट्याने पकड घेतली. फुगलेली वस्तू स्कोपच्या नळीतून मावत नाही, म्हणून स्कोप, चिमटा आणि वस्तू असं सगळं एकत्र बाहेर ओढायचं असतं.

स्वरतंतूंपाशी आला आणि निसटला.

ऑक्सिजन ९८ वरून ७१. मॉनिटरचा सूर खाली उतरत गेला. सर्जननी पुन्हा पकडायचा प्रयत्नही केला नाही. स्कोपच्या टोकाने त्याला खाली, परत डाव्या नळीत ढकलून दिलं. उजवं फुफ्फुस मोकळं झालं, अर्ध्या मिनिटात आकडा ९५ वर. दिसायला माघार, पण मूल त्यानेच वाचलं. डावीकडेच का, हेही महत्त्वाचं. डावी बाजू सोळा दिवस सुजलेली, पुवाने भरलेली. चिंचोका चुकून उजवीकडे गेला असता तर चांगलं फुफ्फुस बंद आणि नादुरुस्त उघडं, अशी गत.

दुसऱ्या खेपेला बाहेर पडायच्या वेळी थोड्या वेळापुरतं स्नायू ढिले करणारं औषध दिलं, म्हणजे स्वरतंतू उघडे राहतील. आणि वस्तू वळवली. स्वरतंतूंमधली फट उभी, पुढून मागे असते. चपटी वस्तू आडवी आली तर अडते, फटीला समांतर केली तर निघते. पेटीच्या फटीत नाणं टाकावं तसं, फक्त उलट दिशेने. निघाला. तपकिरी पाठ, फुगून मऊ झालेलं पांढरं पोट, एक कड टवका उडालेली. तिसऱ्यांदा स्कोप घालून उरलेलं एक साल काढलं. निघालेल्या वस्तूची कड मोडलेली दिसते तेव्हा पुन्हा आत बघावंच लागतं. या वेळीही अडकला असता तर पुढची तयारी गळ्यातून वाट करून काढायची होती, त्याचं सामान बाजूच्या ट्रेवर मांडून ठेवलेलं मी पाहिलं होतं.

गुस्टाव किलिअन या जर्मन डॉक्टरने १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून डुकराचं हाड अशा नळीने काढलं, तिथून ही विद्या सुरू झाली. त्याआधी वस्तू आपणहून खोकून बाहेर पडण्याची वाट पाहणं किंवा गळा उघडणं, एवढंच हातात असे. अमेरिकेतल्या शेव्हालिए जॅक्सननी पुढे आयुष्यभर अशा वस्तू काढल्या आणि जपून ठेवल्या. दोन हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणाखणांत मांडलेला आहे. वाजणारी प्रत्येक छाती दम्याची नसते, हेही त्यांचंच म्हणणं. मी ते परीक्षेत लिहिलेलं आहे.

नंतर

स्टेरॉइडचे तीन डोस, अँटिबायोटिक सात दिवस. पहिल्या रात्री श्वास घेताना थोडा घोगरा आवाज होता, ॲड्रिनॅलिनच्या वाफेने गेला. तिसऱ्या दिवशी घरी. तीन आठवड्यांनी दोन्ही बाजूंना हवा सारखी, एक्स-रे स्वच्छ. उशीर आणखी लांबला असता तर त्या भागातल्या नळ्या कायमच्या रुंदावून तिथे कफ साठत राहण्याचा धोका होता. तो टळला.

माझ्या केसपेपरवर आता छापील ओळ आहे, 'एकाएकी ठसका / घुसमट? तेव्हा जवळ कोण होतं?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा समोर बसलेल्या माणसाचं नसतं. खोकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही मी हे विचारायला लागलोय, गालात सुपारी धरून झोपणारे आमच्याकडे कमी नाहीत. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, काजूगर, चणे देऊ नका, कुटून द्या, हे पूर्वीही सांगायचो. मागच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, आल्या तरी नीट चावत नाहीत, आणि तोंडात घास घेऊन धावणं-हसणं चालू असतं. आता त्या यादीत मी खेळायचे चिंचोकेही घालतो. आधी ते सुचलंच नव्हतं, कारण ते खाण्यात मोडत नाहीत.

गणपतीला डोंबिवलीची मंडळी आली. एका सकाळी आतेभाऊ त्याच्या आईबरोबर दवाखान्यात आला, बराच वेळ दाराशीच उभा राहिला. मग म्हणाला, "मी पाठीत मारलं म्हणून तो आत गेला का?"

"नाही. तू मारलंस तेव्हा तो आतच होता. तू मारलंस ते बरोबर केलंस."

त्याने मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही. मग त्याला एक्स-रे बघायचा होता. मी सोळाव्या दिवसाचा फोटो काढून दिव्यावर लावला. तो अगदी नाक लावून बघत राहिला.

"दिसत नाहीये," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो, आणि त्याला काळी बाजू दाखवली.